गाईनं खाल्लं ते दुधात उतरतं का? वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरं

या वेळी फलटणपासून डेहराडूनपर्यंत आणि थेट अमेरिकेतून पत्रं आलीत, पण फिरून फिरून बहुतेकांना एकच विचारायचंय, की जनावराच्या पोटात गेलेलं झाडपाल्यातलं विष दुधातून आपल्या पोटात येतं का. म्हणून गोचीड, गाय सारखी उलटणं, विमा वगैरे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत, रागावू नका.

प्रश्न : नमस्कार मॅडम. आमच्याकडं चार दुभत्या गाई हायेत. दोन-तीन दिवस झालं दूध कडू लागतंय, सेंटरवाल्यानं कॅन परत दिला. बांधावरचं गवत कापताना काँग्रेस बी कुट्टीत गेलं आसंल आसा संशय हाय. पोरं हेच दूध पित्यात, काय इषबाधा होईल का? (एक वाचक, फलटण)

दादा, तुमचा संशय बरोबर असू शकतो पण आधी एक साधी गोष्ट करा. चारी गाईंचं दूध वेगवेगळ्या भांड्यात काढा, धार काढल्यावर लगेच थोडं थोडं उकळा आणि गार झाल्यावर चमचाभर चाखून बघा. एकाच गाईचं कडू लागलं तर दोष बहुतेक चाऱ्याचा नाही, तिची कास तपासा, किंवा ती आटायला आलेली असेल तर तिच्या दुधातला फॅट लवकर फुटतो आणि मग धारेचं दूध चांगलं लागतं पण तेच ठेवलं की चार-सहा तासांनी कडवट होतं. चौघींचंही एकाच वेळेला आणि काढल्या काढल्या कडू असेल तर मात्र गव्हाणीत काय पडलं ते बघायचं.

गाजर गवतात, म्हणजे तुमच्या काँग्रेसमध्ये, पार्थेनिन नावाचा कडू पदार्थ असतो. त्याचा कडूपणा दुधात उतरतो हे खरं आहे, आणि दुधात तो अगदी थोडा आला तरी जिभेला कळतो. एका परीनं हे बरंच आहे, कारण बाकीची बरीच विषं दुधात आली तरी ना वास येतो ना चव बदलते, हे निदान ओरडून सांगतं तरी. १९५०च्या दशकात हे गवत आपल्या पुण्यातच पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं आणि तिथून देशभर गेलं. चरायला मोकळं सोडलेलं जनावर शक्यतो त्याला तोंड लावत नाही, खरी अडचण कुट्टी मशीननं केलीय, बारीक करून ज्वारीच्या कडब्यात मिसळलं की गाय निवडणार कसं? १९७०च्या दशकात बंगळूरकडच्या शास्त्रज्ञांनी गाई-म्हशींना चाऱ्यातून मुद्दाम हे गवत देऊन बघितलेलं, जास्त प्रमाणात खाल्लेली जनावरं दगावली, कातडीवर चट्टे, केस झडणं, तोंडात आणि आतड्यात जखमा असं सगळं दिसलं. म्हणजे दुधाच्या आधी तुमच्या गाईंचीच काळजी करा.

पोरांना हे दूध आत्ता देऊ नका. कडू दूध ती तशीही पिणार नाहीत, आणि इतक्या थोड्या अंशानं लगेच काही होईल असं मला वाटत नाही, पण ज्याला या गवताची ॲलर्जी आहे त्यानं तर अजिबातच नको. वासरांनाही तेच दूध पाजू नका, लोक हे नेहमी विसरतात, माणसाला नको झालेलं दूध वासराच्या बादलीत जातं. ती कुट्टी बाजूला काढा, तीन-चार दिवस स्वच्छ वैरण द्या, चव आपोआप जाईल. नाही गेली तर तुमच्या डॉक्टरांना बोलवा, मग कारण दुसरं आहे.

प्रश्न : आम्ही पुण्यात एका फार्मवरून थेट देशी गाईचं दूध घेतो. त्यांचं म्हणणं गाई डोंगरात मोकळ्या चरतात, नाना प्रकारच्या औषधी वनस्पती खातात आणि ते सगळे गुण दुधात येतात. मग विषारी वनस्पतींचे अवगुण पण येत असतील ना? दूध उकळलं की प्रश्न मिटतो का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे आणि जाहिरात लिहिणाऱ्याला ते सुचलं नाही हे बघून मला हसू आलं. गुण येतात तर अवगुणही त्याच रस्त्यानं येणार.

आता रस्ता समजून घ्या, कारण बाकीची सगळी उत्तरं त्यावर उभी आहेत. गाईनं काही खाल्लं की दुधात जायच्या आधी त्याला चार नाके लागतात. पहिला नाका कोटीपोट, म्हणजे गाईच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, तिथं अब्जावधी जिवाणू बसलेत आणि ते कितीतरी विषं तिथल्या तिथं मोडून टाकतात, म्हणूनच घोडा किंवा डुक्कर ज्यानं मरेल ते गाय कधीकधी आरामात पचवते. दुसरा लिव्हर. तिसरा किडनी, ती लघवीवाटे बाहेर काढते. चौथा कास. कासेतून काय सुटतं याचे ढोबळ नियम आहेत, चरबीत विरघळणारे आणि आकारानं लहान पदार्थ सहज सुटतात, शिवाय दूध रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असतं, रक्ताचा पीएच ७.४ आणि दुधाचा ६.६-६.७, त्यामुळं अल्कलॉइड जातीची, म्हणजे थोडी अल्कधर्मी विषं एकदा दुधात शिरली की तिथंच अडकून बसायला बघतात. गाईनं खाल्लेल्याच्या मानानं दुधात येणारा वाटा बहुतेक वेळा खूप लहान असतो, शंभरातला एक-दोन किंवा त्याहूनही कमी. पण काही वनस्पती या हिशोबात बसत नाहीत. नेच्यांची एक जात आहे, इंग्रजीत तिला ब्रॅकन म्हणतात, कुमाऊँ, दार्जिलिंग अशा डोंगरी भागात खूप होते, ती सतत खाणाऱ्या गाईंना मूत्राशयाच्या गाठी होतात आणि लघवीतून रक्त जातं. त्यातल्या टाक्विलोसाइड नावाच्या विषाचा आठ-नऊ टक्के वाटा दुधात येतो असं व्हेनेझुएलातल्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात मोजून दाखवलं. हे विष कॅन्सर करणारं आहे, म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

उकळण्याबद्दल : उकळल्यानं जंतू मरतात, आणि ते करायलाच हवं, कच्चं दूध पिऊ नका कुणी काही सांगो. पण वनस्पतीतलं किंवा बुरशीचं विष हा जंतू नाही, तो रसायनाचा कण आहे, त्यातले बरेचसे गॅसवरच्या दुधाला दाद देत नाहीत.

आणि एक गोष्ट फार्मवाले सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. मोठ्या डेअरीच्या टँकरमध्ये शेकडो गोठ्यांचं दूध एकत्र होतं, त्यामुळं एका गाईनं काही भलतं खाल्लं तरी ते पातळ होऊन जातं. तुमच्या घरी रोज त्याच पाच-दहा गाईंचं दूध येत असेल तर ती सोय नाही. म्हणून दूध बंद करा असं नाही म्हणत, फक्त पुढच्या वेळी गेलात की गाईंना आंबोण काय घालता, पेंड कुठं साठवता हे विचारा आणि ती खोली बघा. औषधी वनस्पतींपेक्षा ती खोली जास्त महत्त्वाची आहे, का ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : सरकी पेंडीत विष असतं आणि त्यानं माणसांना मूल होत नाही असा मेसेज फिरतोय. आमच्याकडं सगळा धंदाच सरकीवर चालतो. खरं काय? (एक दूध उत्पादक, जालना)

मेसेज बनवणाऱ्यानं अर्धं खरं घेतलंय. कपाशीच्या झाडात गॉसिपॉल असतं, ते किडीपासून स्वतःला वाचवायला झाडच तयार करतं, आणि सरकीत ते येतंच. चीनमध्ये पूर्वी सरकीचं कच्चं तेल खाणाऱ्या पुरुषांत शुक्राणू कमी झालेले दिसले आणि मग गॉसिपॉलची पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी बनवायचे प्रयोगही झाले, मेसेजचा उगम तिथला. पण ते थेट तेल खाल्लेल्या माणसांचं. गाईच्या कोटीपोटात गॉसिपॉल प्रथिनांना चिकटून बसतं आणि मग रक्तात फारसं जात नाही, दुधात तर अगदी नगण्य. मोठ्या गाईला मापात दिलेल्या सरकी पेंडीनं तुमच्या गिऱ्हाईकाचं काही बिघडत नाही. लहान वासरांना मात्र देऊ नका, त्यांचं कोटीपोट अजून तयार नसतं, गॉसिपॉल त्यांच्या हृदयावर जातं आणि वासरू एक दिवस पटकन पडतं. वळूलाही जपूनच.

आता मेसेजमध्ये नसलेली गोष्ट, जी मला या सगळ्या पानात सगळ्यात महत्त्वाची वाटते. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड आणि मका यांना ॲस्परजिलस जातीची बुरशी लागते, पिवळसर हिरवी, आणि ती अफ्लाटॉक्सिन बनवते. काटेकोर बोलायचं तर हे झाडाचं विष नाही, झाडावर वाढणाऱ्या बुरशीचं आहे, पण गाईच्या तोंडात ते चाऱ्यातूनच जातं आणि आपल्याकडं दुधात सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते हेच. जगाला याचा पत्ता १९६० साली लागला, इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले आणि शोधता शोधता गाडी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीवर जाऊन थांबली. माणसांचंही उदाहरण आपल्याच देशातलं आहे, १९७४ साली राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागातल्या आदिवासी गावांत अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला, लिव्हर निकामी होऊन शंभरावर माणसं गेली.

गाईच्या बाबतीत असं होतं की पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन बी-१ तिच्या लिव्हरमध्ये जातं, लिव्हर त्याचं एम-१ करतं आणि ते दुधात येतं. खाल्ल्यापासून दिवसभराच्या आत. एम-१ हे बी-१ पेक्षा कमी घातक आहे, कॅन्सर करायची ताकद साधारण दहाव्या हिश्शाची धरतात, पण दूध पितं कोण, तर लहान मूल, आणि रोज पितं.

हिशोब करून बघू. समजा पेंडीत किलोमागे १०० मायक्रोग्रॅम बी-१ आहे आणि गाय दिवसाला ५ किलो खाते, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम पोटात. त्यातलं २ टक्के जरी दुधात उतरलं तरी १० मायक्रोग्रॅम, आणि गाय १० लिटर देत असेल तर लिटरला १ मायक्रोग्रॅम. आपल्या एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची, मर्यादा किलोला ०.५. म्हणजे दुप्पट झालं. आता तीच पेंड भारतीय मानकाप्रमाणे २० मायक्रोग्रॅमच्या आतली असेल तर दुधात ०.२ येईल, मर्यादेत बसलं. युरोपात मर्यादा ०.०५ आहे, आपल्या दहाव्या हिश्शाची, तिथं हे ०.२ सुद्धा नापास. भरपूर दूध देणाऱ्या गाईत हा वाटा २ वरून ५-६ टक्क्यांपर्यंतही जातो.

एफएसएसएआयनं २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, निकाल २०१९ मध्ये आले. माणसाला धोका होईल अशी भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेच्या वर निघालं ३६८ नमुन्यांत, तमिळनाडू, दिल्ली आणि केरळ पुढं होते. आणि ते सुट्या दुधापेक्षा पिशवीतल्या प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त होतं. आता टँकरमध्ये पातळ होतं असं वर मीच लिहिलंय, मग हे कसं, तर एका गाईनं खाल्लेलं एखादं झुडूप पातळ होतं, पण अख्ख्या तालुक्यात एकाच पावसात भिजलेली पेंड गेली असेल तर टँकरमधल्या प्रत्येक कॅनमध्ये तेच असतं, पातळ कशात होणार? आपण युरिया आणि डिटर्जंटच्या व्हिडिओंवर इतकी वर्षं ओरडतोय, आणि पेंडीच्या पोत्याबद्दल एक व्हिडिओ माझ्याकडं कुणी फॉरवर्ड केलेला नाही.

करायचं काय तर फार अवघड नाही. पेंडीची पोती जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यात दोन आठवड्यांपुरतीच घ्या, स्वस्त मिळते म्हणून सहा महिन्यांची भरू नका. ढेकूळ झालेली, कुबट वासाची, आतून गरम लागणारी पेंड परत करा, नाहीच घेतली परत तर उकिरड्यावर टाका. पण नुसत्या डोळ्यावर विश्वास ठेवू नका, दळलेल्या मालात बुरशी दिसत नाही आणि बुरशी मेली तरी विष मागं राहतं, ऊन दाखवलं की गेलं असंही नाही. संघातून एकत्र घेत असाल तर लॉटमागे एक टेस्ट करून घ्या, खर्च सगळ्यांत वाटला जातो. बेंटोनाइट मातीचे टॉक्सिन बाइंडर मिळतात, ते पोटातच विषाला धरून ठेवतात, उपयोग होतो, पण खराब पेंड खपवायचं लायसन म्हणून ते वापरू नका. कोंबड्यांना नको म्हणून बाजूला काढलेला मका गाईच्या पुढ्यात टाकतात तो प्रकार तर बंदच करा. चांगली गोष्ट ही की दूषित पेंड थांबवली की तीन-चार दिवसांत दूध साफ होतं.

गृहिणींसाठी एवढंच की एम-१ उकळून जात नाही, ते केसिन या दुधातल्या प्रथिनाला चिकटतं म्हणून दुधापेक्षा पनीरमध्ये किलोमागे जास्त भरतं, आणि तुपात फारच थोडं जातं.

प्रश्न : आम्ही इंडियानात राहतो. मुलांना लिंकनच्या लहानपणच्या घराची जागा दाखवायला नेलं, तिथं कळलं की त्यांची आई गाईच्या दुधानं वारली. हे कसं शक्य आहे? (एक वाचक, इंडियानापोलिस)

शक्य आहे आणि दुधातून येणाऱ्या वनस्पतीविषाचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण तेच आहे. नॅन्सी हँक्स लिंकन ५ ऑक्टोबर १८१८ ला वारल्या, वय ३४, अब्राहम तेव्हा नऊ वर्षांचा. त्यांच्या आधी काही दिवसांतच शेजारी राहणारे त्यांचे मावशी आणि काका, स्पॅरो दांपत्य, त्याच आजारानं गेले होते. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, केंटकी या पट्ट्यात नव्यानं जंगल तोडून वसलेल्या लोकांत हा आजार दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी आणि पानगळीत यायचा, काही ठिकाणी लोकांनी गावंच्या गावं सोडली. अशक्तपणा, उलट्या, घट्ट बद्धकोष्ठ, तोंडाला विचित्र वास, मग बेशुद्धी. गुरांना थरथर सुटायची.

कारण व्हाइट स्नेकरूट नावाचं पांढऱ्या फुलांचं झुडूप, झाडांच्या सावलीत वाढतं. पाऊस ओढला, कुरणं वाळली की गाई जंगलाच्या कडेला जाऊन तेच खायच्या. त्यातलं ट्रेमेटॉल नावाचं विष चरबीत विरघळणारं, म्हणून दुधात जायचं आणि लोण्यातही. यात एक फसवी गोष्ट होती. दुभत्या गाईच्या अंगातलं विष दुधावाटे बाहेर पडत राहायचं, त्यामुळं गाय बऱ्यापैकी धडधाकट दिसायची आणि आधी आजारी पडायचं ते तिचं वासरू, किंवा तिचं दूध पिणारं घर. आटलेली गुरं मात्र थरथरून मरायची. मग दुभत्या गाईवर कुणाचा संशय जाणार?

दक्षिण इलिनॉयमध्ये ॲना नावाची एक वैदू-सुईण होती, तिथले लोक सांगतात की तिला एका शॉनी आदिवासी बाईनं हे झुडूप दाखवलं, आणि ॲनानं ते वासराला खायला घालून खात्री केली व गावाला उपटायला लावलं. शिकलेल्या डॉक्टरांनी हे मनावर घ्यायला जवळजवळ शंभर वर्षं लावली, १९२८च्या सुमारास अमेरिकन कृषी खात्याच्या जेम्स काउच यांनी ट्रेमेटॉल वेगळं काढून दाखवलं तेव्हा वाद मिटला. आजार त्याच्या आधीच ओसरायला लागलेला, कारण कुंपणं आली, जंगल मागं हटलं आणि अनेक गोठ्यांचं दूध एकत्र व्हायला लागलं. तुमच्या दुकानातल्या दुधात याची भीती नाही. कुणी ओळखीचा आपल्या एकुलत्या एका गाईचं दूध देत असेल आणि ती गाय झाडीत चरत असेल, तर मात्र पानगळीच्या दिवसांत जरा विचारून घ्या.

प्रश्न : दुष्काळात सुबाभूळ आणि ओढ्याकडची बेशरम यावरच शेळ्या जगवल्या. आता नातीला शेळीचं दूध देतोय. चालेल ना? (एक आजोबा, जत)

आजोबा, सुबाभूळ चालेल, बेशरम अजिबात नाही.

सुबाभळीत मिमोसिन असतं, जास्त झालं की जनावराचे केस झडतात, गळ्याची गाठ सुजते. आपल्याकडच्या शेळ्या-गाईंच्या पोटात ते मोडणारे जिवाणू बहुतेक असतातच, तरी एकूण चाऱ्यात सुबाभूळ तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका, बाकी कडबा, गवत मिसळा. इतक्यावर दुधाची चिंता नको.

बेशरमचं प्रकरण वेगळं. तिच्यात स्वेनसोनिन असतं, ते मज्जातंतूंवर जातं, आणि शेळ्यांना तिची चटक लागते, एकदा लागली की चांगला चारा सोडून त्याच झुडपाकडं जातात, मग चालताना झोकांड्या, मान हलणं, अंग खंगत जाणं. हेच विष दुधात उतरतं. अमेरिकेत लोकोवीड नावाच्या वनस्पतीत ते असतं आणि ती खाल्लेल्या गाईंचं दूध पिऊन वासरांच्या पेशींत बिघाड झाल्याचं १९७०च्या दशकातच दाखवलं गेलंय. त्या शेळ्यांचं दूध नातीला तूर्त नको, करडांनाही दुसऱ्या शेळीचं पाजा. शेळ्या बेशरमपासून तोडून दावणीला बांधा, निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या, आणि ज्या शेळीच्या चालीत फरक पडलाय तिला डॉक्टरांना दाखवा. आणि नात एक वर्षाच्या आतली असेल तर शेळीचंच काय, गाईचंही दूध मुख्य आहार म्हणून नको, बालरोगतज्ज्ञांना विचारा, हा माझा विषय नाही.

प्रश्न : इथं रस्त्याच्या कडेला भांग उगवते आणि गाई ती खाताना दिसतात. मित्र म्हणतो म्हणूनच इथला चहा भारी लागतो. विनोद सोडा, पण खरंच दुधात नशा येते का? (मूळ सातारकर, सध्या डेहराडून)

विनोद सोडायची गरज नाही, जर्मन सरकारच्या शास्त्रज्ञांनी हे गंभीरपणे करून बघितलंय. बर्लिनच्या जोखीम-तपासणी संस्थेनं दहा होलस्टीन गाईंना औद्योगिक भांगेचा मुरघास घातला, निकाल २०२२ मध्ये छापून आले. पानं-फुलांचा, म्हणजे टीएचसी हा भांगेतला नशेचा पदार्थ जास्त असलेला मुरघास सुरू झाल्यावर गाई जांभया द्यायला लागल्या, लाळ गळायला लागली, डोळे लाल, चाल डळमळीत, खाणं कमी आणि दूधही घटलं. तो टीएचसी दुधात आला, खाल्लेल्यापैकी साधारण ०.२ टक्के. मुरघास बंद केल्यावर दोन दिवसांत गाई ताळ्यावर आल्या. ०.२ टक्के ऐकायला काहीच नाही वाटत, पण तेवढ्यानंही दूध जास्त पिणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत युरोपची सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते असा त्यांचा निष्कर्ष होता. पाकिस्तानातही रानभांग खाणाऱ्या म्हशींच्या दुधात आणि ते पिणाऱ्या मुलांच्या लघवीत भांगेचे अंश सापडलेत. तुमच्या मित्राचा चहा बहुतेक आल्यामुळं भारी लागत असणार, येता-जाता चार पानं खाल्लेल्या गाईच्या दुधानं मोठ्या माणसाला काही चढत नाही. पण गवळ्याच्या गाई दिवसभर त्याच झाडोऱ्यात असतील तर लहान मुलासाठी पिशवीचं दूध घ्या.

प्रश्न : कांद्याला भाव नाही म्हणून गाईंना घालतोय. दुधाला वास येतो म्हणून डेअरी नाक मुरडते. विषारी आहे का? (एक शेतकरी, निफाड)

दुधाला येणारा वास म्हणजे विष नाही. तो कांद्यातल्या गंधकाच्या पदार्थांचा, रक्तातून आणि श्वासातून थेट कासेत जातो आणि खाल्ल्यावर तास-दोन तासांत सगळ्यात जास्त असतो. धारेच्या आधी नाही, धार झाल्यावर घाला, पुढच्या धारेपर्यंत बराच कमी होईल. लसूण आणि कोबीच्या पाल्याचंही हेच.

गाईला मात्र कांदा जास्त झाला तर नक्की बाधतो. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शेळी-मेंढीपेक्षा गाय याला लवकर बळी पडते. एकूण सुक्या चाऱ्याच्या हिशोबानं चौथ्या हिश्शाच्या बरंच खाली ठेवा, एकदम सुरू करू नका, सडलेला-काळी बुरशी चढलेला निवडून टाका. कांदा खाणाऱ्या गाईची लघवी रोज बघत जा, काळपट लाल दिसली किंवा डोळ्याच्या आतली कातडी पांढरी पडली तर कांदा त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांना फोन.